आखाड्यामागची घोणस

नईमा, काल मी तुझ्या आखाड्यामागे गेले होते. तिथे घोणस नाही. कधी नव्हतीच.

शेतातल्या त्या पत्र्याच्या खोलीला तू आखाडा म्हणायचीस; तिच्यापुढच्या ओट्यावर आपण किती चहा प्यायलो, किती भांडलो, मीठ लावून मोसंबीच्या किती फोडी खाल्ल्या, त्याला गणती नाही. पण खोलीच्या मागे, कडब्याची गंजी आणि नाला यांच्या मधल्या बोळकांडीत मी कधी पाऊल टाकलं नाही. तू मला सांगून ठेवलं होतंस, "तिकडं जाऊ नको सुमन, घोणस हाय." सापाचं नाव काढलं तरी माझे पाय गळतात, हे तुला पुरतं ठाऊक होतं. कामाला येणाऱ्या बायांनाही मी बजावून सांगायची, नईमाच्या आखाड्यामागे जाऊ नका गं, घोणस आहे. तुझं खोटं मी माझ्या तोंडाने शिवारभर पसरवलं.

तू गेल्यानंतरचा चाळिसावा दिवस अजून व्हायचा आहे. घरी येणारी माणसं तुझ्याबद्दल चांगलंच बोलतात. जबानीची पक्की होती, म्हणतात. मी तुझ्या लेकीशेजारी, शाहीनशेजारी बसते आणि मान हलवते. पण नईमा, मला तुझा राग आला आहे. आणि असा राग आला की मी उठून ज्या एका बाईकडे जायची, ती तूच होतीस. त्यामुळे हे ऐकून घेणं तुलाच भाग आहे.

आपली ओळख झाली ती सडक्या मोसंबीवरून. सासरे गेल्यावर करमाडची बाग बघायला घरात कुणी राहिलं नाही. ह्यांना नोकरीतून सवड नव्हती आणि रानाची आवड त्याहून नव्हती. म्हणून मी शाळेतली नोकरी सोडली आणि शहरातल्या मुकुंदवाडीहून करमाडला रोज रेल्वेने येऊ-जाऊ लागले. त्या वर्षी भाद्रपदात, फळ नुकतं पिवळं पडायला लागलं आणि झाडाखाली सडा पडू लागला. चांगली हातात मावणार नाहीत अशी फळं, एका बाजूला तपकिरी डाग, आणि खाली. मी उन्हाला दोष दिला, मग पाण्याला दिला. माल घेणारा बागवान येऊन बघून गेला, म्हणाला फळमाशी आहे. मी त्याच्यावर विश्वास ठेवून औषधही आणलं होतं.

तू बांधाच्या पलीकडून बघत होतीस. तुझे अन्वरभाई जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि तुझी बाग तू एकटी ओढत होतीस. विचारलं ना सवरलं, सरळ बांध ओलांडून आलीस, माझ्या हातातलं फळ घेतलंस आणि विळ्याने दोन भाग केलेस. "माशी असती तर आत अळ्या वळवळल्या असत्या," म्हणालीस. "दाखव मला अळी." अळी नव्हती. मग दुसरं फळ घेऊन तू डागावर अंगठा दाबलास आणि बारीक भोकातून रसाची चिळकांडी माझ्या चष्म्यावर उडाली. तू पोटभर हसलीस. ह्याला कुणीतरी सुई टोचलीय, म्हणालीस, आणि सुई टोचणारा दिवसा येत नाही. दिवसा आला असता तर आपल्या दोघींच्या नजरेतून सुटला नसता.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आपण बॅटरी घेऊन बागेत शिरलो. जे काही असेल ते उजेडाने बुजू नये म्हणून तू तिच्या काचेवर ओढणीचं लाल टोक गुंडाळलं होतंस. एका फळावर दोन ठिपके चमकले. तू हाताची ओंजळ करून ते झपकन धरलंस. बोटाएवढं लांब, जाड अंगाचं पाखरू, पंख वाळक्या पानासारखे. मी म्हटलं, हे एवढुसं फुलपाखरू मोसंबीची साल कशी भेदेल? तू त्याची सोंड नखाने उलगडून दाखवलीस, चांगली ताठ होती. मग त्याने पंख फडकवले आणि खालचे दडवलेले पंख दिसले, भडक हळदी, त्यावर काळे ठिपके. तू म्हणालीस, "बघ ना कसं हाय. वरून सुकलेलं पान अन् आत नवरीचा शालू." हे वाक्य मी पुढे कितीतरी जणांना तुझं म्हणून ऐकवलं. काल ते मला वेगळ्या कारणाने आठवलं.

कृषी खात्यातल्या साहेबांना फोन केला तर ते म्हणाले, हा रस शोषणारा पतंग. तू ते जसंच्या तसं खुरपणीच्या बायांना सांगितलंस, बागेत पतंग आलाय, आणि त्या सगळ्या मान वर करून आभाळात बघायला लागल्या. एकीने तर मांजा कुठं अडकलाय म्हणून विचारलं. तेव्हापासून आपण त्याला पाखरूच म्हणू लागलो.

साहेब आणखी एक बोलले होते, बांधावरच्या रानवेली काढा. आपण ते कानाआड केलं. आपला सगळा जीव अळी शोधण्यात. पाखरू आहे म्हणजे त्याची अळी हवी, आणि अळी मारली की पाखरू संपलं, एवढं आपल्याला कळत होतं. मोसंबीचं पान न् पान उलटून झालं, अळी काही सापडेना. आणि मग ती सापडली आमच्या विहिरीच्या कठड्यावर, माईंच्या गुळवेलीवर. मखमली काळपट, अंगावर डोळ्यांसारखे गोल, डोकं आत खुपसून शेपटाकडची बाजू वर करून बसलेली. तू मला हाक मारलीस आणि नुसतं बोट दाखवलंस. पाखरू जेवायला आपल्या बागेत येत होतं आणि पोरं वाढवत होतं गुळवेलीवर. मोसंबीवर ते एक अंडंही घालत नव्हतं, मग आपल्याला अळी दिसणार कुठून?

माईंची ती वेल म्हणजे आमच्या घरातलं औषधाचं कपाट होतं. माझ्या सासूबाई, गुडघ्यांनी बेजार, रोज सकाळी त्या वेलीचा काढा घेतल्याशिवाय चहाला हात लावायच्या नाहीत. मी घुटमळले. तू घुटमळली नाहीस. ओट्यावर मला समोर बसवून तू नियम घातलास. माझ्या रानात नाही, तुझ्या रानात नाही, बांधावर नाही. गुळवेल दिसली की कुणाची आहे विचारायचं नाही. "तोडायची अन् जाळायची," म्हणालीस. नुसती तोडून भागत नाही हे तूच मला शिकवलंस. तोडलेली वेल फांदीला लटकत राहिली तर वाळत नाही, वरूनच मुळाचा दोरा सोडते आणि तो जमिनीला टेकला की पुन्हा उभी राहते. म्हणून जाळायची. तू माझ्या हातावर हात ठेवून म्हणालीस, "बोल, कबूल?" मी म्हटलं कबूल. तूही म्हणालीस कबूल.

माईंची वेल मीच तोडली. त्या दिवशी हट्टाने माझ्याबरोबर रानात आलेल्या माई तिथल्या ओसरीत पाठ करून बसल्या होत्या. नंतर बरेच दिवस त्या माझ्याशी कामापुरतं बोलायच्या, आणि गुडघे दुखले की कण्हणं जरा मोठ्याने व्हायचं. वेलीचा भारा तू उचललास. मी जाळते, तुझ्यानं व्हायचं नाही, म्हणालीस. संध्याकाळी तुझ्या बाजूला धूर दिसला आणि मला रडू आलं.

तो धूर कशाचा होता, नईमा?

त्यानंतरचे आपले सगळे पावसाळे मला एकासारखे एक आठवतात. मृगाचा पाऊस पडून गेला की आपण दोघी विळे घेऊन बांध फिरायचो, गुळवेल, वासनवेल, जे दिसेल ते मुळासकट. फळात रंग भरायला लागला की रोज दिवेलागणीला धूर. ओला पाला, लिंबाचा पाला, थोडी गोवरी, धूर दाटला पाहिजे आणि जाळ होता कामा नये. पडलेलं फळ झाडाखाली ठेवायचं नाही, खड्ड्यात घालून वर माती, कारण सडक्या फळाच्या वासाने आणखी पाखरं येतात. फळांचा रस, गूळ आणि औषध कालवून रुंद तोंडाच्या बरण्या झाडांना टांगायच्या. त्या गुळाच्या बरण्या भरताना तू हमखास एक खडा तोंडात टाकायचीस, औषध घालायच्या आधी, आणि मी दरवेळी ओरडायची. फळगळ बंद झाली असं कधीच झालं नाही. पण बागवानाने नाक मुरडावं एवढी ती पुन्हा झाली नाही.

आणि तू कडक किती. करोनात सगळ्या वस्तीने दारात गुळवेल लावली. काढ्याशिवाय कुणी बोलत नव्हतं. तू तोंडाला ओढणी बांधून घरोघर गेलीस. लोक म्हणाले नईमाबी, माणसं मरायला लागली अन् तुम्हाला मोसंबीचं पडलंय. तू म्हणालीस वेल ठेवा, पण बागेपासून लांब ठेवा, गावठाणात न्या. आणि तू एकेकाकडून ती उपटून घेतलीस. एका म्हाताऱ्या काकांनी तुला शिव्या घातल्या होत्या. मी तुझ्या बाजूने त्यांच्याशी भांडले. मुळात मी भांडकुदळ, पण त्या दिवशी मला तुझा फार अभिमान वाटला होता.

तेव्हासुद्धा ती तुझ्या आखाड्यामागे होती.

या वर्षीचं सांगते. या वर्षी पाखरू उसळलं. माझ्या बांधाकडच्या ओळी सकाळी बघवत नव्हत्या. मी धूर दुप्पट केला, बरण्या वाढवल्या. तू हल्ली दमायला लागली होतीस, ओट्यावर बसूनच सूचना द्यायचीस, आणि मला वाटायचं वय झालं, माझंही झालंय. त्या संध्याकाळी तू म्हणालीस, तुझा धूर कमी पडतो सुमन, तू घाईने मुकुंदवाडीची गाडी पकडायला पळतेस. मला झोंबलं. मी म्हटलं, तुझ्या बाजूला कुठे वेल राहिली असेल. सहज म्हणाले होते, चिडून.

तू माझ्याकडे सरळ बघितलंस. डोळ्याची पापणी हलली नाही तुझी.

"आपल्या दोघींच्या रानात वेल? काय बोलतीस सुमन. मी कबूल केलेलं हाय."

मी मान खाली घातली. मला स्वतःची लाज वाटली. तरी अडून बसले, दुसऱ्या दिवशी चहाला आले नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. तूही हाक मारली नाहीस. असं आपलं दरवर्षी एकदा व्हायचंच आणि कुणीतरी बांधावरून मोसंबी फेकून मारली की मिटायचं. या वेळी कुणी फेकली नाही. मग एका सकाळी शाहीनचा फोन आला आणि ती नुसतीच रडत होती.

मी तुझ्या उशाशी बसले, नईमा. बायकांनी तुला न्हाऊ घातलं तेव्हा मी दाराबाहेर उभी होते. तुला उचललं तेव्हा शाहीनला धरून मी उभी राहिले. सगळ्यांना वाटलं मी मैत्रिणीसाठी रडतेय. मी रडत होते कारण मी तुझ्यावर संशय घेतला होता आणि त्याची माफी मागायची राहिली होती. आता त्या रडण्याचंही मला हसू येतं.

जियारतीच्या दिवशी, म्हणजे तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, शाहीन म्हणाली, अम्मी दोन वर्षं आजारी होती. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. रक्ताचा आजार, शहरातल्या डॉक्टरांचं औषध चालू होतं, दर मंगळवारी दवाखाना. मी म्हटलं, मंगळवारी तर ती तुझ्याकडे सिल्लोडला यायची. शाहीन म्हणाली, "नहीं खाला. अम्मी रेल से मुकुंदवाडी उतरती थी. वहां से रिक्षा. आपके घर के पासीच तो."

माझ्या घराजवळ. दर मंगळवारी तू मुकुंदवाडीच्या त्या एवढ्याशा स्टेशनवर उतरत होतीस आणि माझ्या गल्लीवरून रिक्षाने जात होतीस. आणि मी त्याच मंगळवारी करमाडला तुझ्या बागेत होते. तू लेकीकडे जातेस म्हणून तुझा धूरही मीच करत होते. तू माझ्या गावात आणि मी तुझ्या रानात. घरात ह्यांना सांगितलं असतंस तरी त्यांनी तुला चहा करून दिला असता. एकदा थांबली असतीस. बाहेरच्या बाकावर बसून पाणी मागितलं असतंस, तरी मला नंतर कळलं असतं आणि मी तुला घोळात घेऊन बोलतं केलं असतं.

का नाही सांगितलंस? मी रोज या प्रश्नापाशी येऊन थांबते. मी घाबरट आहे म्हणून? मी रडरड करेन म्हणून? की सांगितलं असतंस तर वेलीचंही सांगावं लागलं असतं म्हणून?

वेलीचं मला शाहीननेच सांगितलं, तेही तिला वाटलं मला माहीत आहे म्हणून. परवा म्हणाली, अम्मीचा खलबत्ता रानातच राहिलाय, तेवढा आणून देता का. मी विचारलं, कुठे आहे? ती म्हणाली, "आखाड्याके पीछे, वेलीके नीचे. जहां अम्मी काढा कूटती थी." मी म्हटलं, कसली वेल? तेव्हा मला काही माहीत नाही हे तिच्या लक्षात आलं. फार उशिरा आलं.

मग हळूहळू तिने सगळं सांगितलं. अम्मीने माईंच्या भाऱ्यातली एक कांडी ठेवून दिली होती, कारण माईंनीच तिला बांधापलीकडून खुणेने सांगितलं होतं. मी पाठमोरी असताना. तुम्हा दोघींचं तेव्हाच ठरलं होतं. तू माईंसाठी दर दोन दिवसांनी बाटली पाठवायचीस, मेथीचं पाणी आहे म्हणायचीस, गुडघ्यांना बरं. ती बाटली मी माझ्या पिशवीत घालून, सांडू नये म्हणून उभी धरून, करमाडहून मुकुंदवाडीला नेत होते. माई ती नाक दाबून प्यायच्या आणि म्हणायच्या, नईमाच्या हाताला गुण आहे. आणि मला मनातून वाटायचं, बघा, मैत्रीण असावी तर अशी. माई गेल्या तेव्हा तू माझ्यापेक्षा जास्त रडली होतीस. तुम्ही दोघी काय हसत असाल गं माझ्या मागे.

माईंनंतर ती वेल तू का ठेवलीस, हे शाहीनला सांगता आलं नाही. मग तू आजारी पडलीस आणि तीच तुझ्या उपयोगी आली, किंवा आली असं तुला वाटलं. गोळ्यांच्या बरोबर काढाही चालू होता.

काल मी गेले. हातात काठी घेतली होती, कारण डोक्याला कळलं तरी पायांना घोणस नाही हे अजून कळलेलं नाही. गंजी ओलांडली आणि समोर तुझा कडुलिंब. त्याच्या अंगावर गुळवेल, मनगटाएवढी जाड. आणि तिच्याभोवती मच्छरदाणी. दोन जुन्या मच्छरदाण्या तू एकमेकींना शिवल्या होत्यास, तुझा तो ठसठशीत टाका मी कुठेही ओळखेन. खालून विटा ठेवून कडा दाबल्या होत्या. खलबत्त्याशेजारी रॉकेलचा डबा, त्यात वाळलेल्या जुन्या अळ्या. नजरेतून सुटलेली एखादी अळी आत दिसली की तू ती वेचून त्यात टाकत असणार. म्हणजे तू पाखराला वेलीपाशी फिरकू देत नव्हतीस. एवढी वर्षं तुझ्या वेलीवरून एकही पाखरू माझ्या बागेत गेलं नसेल. तू तोडलेला शब्द तू असा सांभाळत बसली होतीस.

पण या पावसात नाल्याकडची बाजू वाऱ्याने उसवली. ती शिवायला तुझ्या अंगात ताकद राहिली नव्हती. आणि शिवायला कुणाला सांगणार? तिथे तर घोणस होती. मच्छरदाणीच्या आत पानांची चाळण झाली होती आणि पानोपानी त्या मखमली अळ्या, शेपटं वर करून बसलेल्या. माझ्या बांधाकडच्या ओळींवर उतरलेलं पाखरू इथून उठलं होतं. मी संशय घेतला तो खरा होता आणि तू माझ्या डोळ्यांत बघून मला खोटं पाडलं होतंस. तुझ्या मनात त्या वेळी काय चाललं असेल ते मला कळतं. कळतं म्हणून राग कमी होत नाही.

एक शब्द बोलायचा होतास. सुमन, मला बरं नाही, वेल ठेवलीय, मच्छरदाणी फाटलीय, ये आणि शीव. मी आले असते. पाय लटपटत आले असते, तुला चार शिव्या घातल्या असत्या आणि सुई घेऊन बसले असते. मंगळवारी स्टेशनवर उभी राहिले असते. एवढं सगळं माझ्याकडून काढून घेतलंस तू. मोसंबी दरवर्षी येते, तिचं मला काही नाही. तुझ्या आजारपणातली दोन वर्षं माझी होती आणि ती तू मला दिली नाहीस. तुला वाटलं असेल सुमनला त्रास नको. तुझी ही असली माया मला नको होती.

मी तिथे खाली बसले आणि बराच वेळ तुला नाही नाही ते बोलले. मग उठून आधी अळ्या वेचल्या, सगळ्या, तुझ्याच डब्यात. दिवस कलायला लागला होता. तुझ्या आणि माझ्या दोन्ही बागांत अजून माल उभा आहे, शाहीनला तुझ्या बागेतून काही हाती यायला हवं. मी तुझ्या खोलीतून विळा आणला. वेल दिसली की कुणाची आहे विचारायचं नाही. मी विचारलं नाही. ती माईंची होती, तुझी होती, आणि कांडी आमच्याच विहिरीवरची, म्हणजे माझीही होती. जमिनीपासून हातभर वर धरून मी ती कापली. एका घावात तुटली नाही. मग बुडखा कुदळीने उकरून काढला आणि बागेतल्या संध्याकाळच्या धुरात टाकला. हा धूर खरा होता, बांधावरून कुणी बघितला असेल तर खात्री देते.

आज सकाळी पुन्हा गेले, या वेळी काठी न घेता. वरची वेल लिंबाला तशीच लोंबकळत आहे. पानं माना टाकून आहेत, पण कांडी हिरवी आहे, नखाने खरवडून पाहिली. अजून दोरा सुटलेला नाही. सुटेल. तो कुठून सुटतो, किती बारीक असतो, जमिनीला टेकायला किती वेळ घेतो, सगळं तूच दाखवलं होतंस मला. फाटलेली मच्छरदाणी मी घरी आणली आहे. धुऊन दोरीवर टाकली आहे. शिवायची की पुसायला घ्यायची, ते अजून ठरवलेलं नाही.

तोडायची आणि जाळायची, असा नियम होता, नईमा. मी तोडली आहे. पुढचं करायला विळा, काडी, वाळका पाला सगळं तुझ्या ओट्यावर मांडून मी संध्याकाळपर्यंत बसले होते. तू काय म्हणाली असतीस याचा अंदाज करत बसले, आणि मला एकदम कळलं की तो मला करताच येत नाही. ज्या बाईचा प्रत्येक शब्द मला पाठ होता, ती बाई आखाड्याच्या पुढे बसायची. मागे बसणारीला मी कधी भेटलेच नाही.